बेटावरचे पहिले पाऊल

दिवाळी अंकात एखादे प्रवासवर्णन नसले, तर फराळाच्या ताटात चकली वाढायची राहून गेल्यासारखे वाटते. वर्षभर आपण घर, कचेरी आणि लोकलगाडी या त्रिकोणात फिरत असतो. निदान या चार दिवसांत दुसऱ्याच्या पायांनी का होईना, कुठे तरी दूर जाऊन यावे, एवढीच आपली माफक इच्छा असते. संपादकही ती ओळखून असतात. एके काळी या जागेवर युरोप असे. मग हिमालय आला. आणि आता जलदुर्गांची पाळी आली आहे. तसे कारणही घडले. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत राजगड-रायगडांच्या पंगतीला खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही बसले. आनंदाचीच गोष्ट आहे. त्या आनंदात आमच्या लेखकांनी होड्या हाकारल्या आणि बेटांवरच्या लेखांना भरती आली.

हे लेख मी आवडीने वाचतो. वाचता वाचता एक गोष्ट मात्र खटकू लागली, आणि एकदा खटकल्यावर ती प्रत्येक लेखात दिसू लागली. लेखाची घडण सहसा अशी असते: पहाट झाली, होडी निघाली, वारा सुटला, क्षितिजावर बेट दिसू लागले, आणि पुढच्याच परिच्छेदात लेखक महाशय तटावर उभे राहून इतिहासाच्या आठवणीने गहिवरलेले असतात. होडी आणि तट यांच्या मध्ये काय घडले? तिथे फक्त एक कोरी ओळ असते. लेखक पाण्यातून दगडावर कसा आला, पाय कुठे ठेवला, हात कुणी दिला, लाट वर होती की खाली, दगड कोरडा होता की शेवाळलेला, यांपैकी एकही गोष्ट आपल्याला कळत नाही. जणू बेटाला समुद्राकडून दारच नाही. लेखक वरून अलगद उतरला आहे.

ही टीका क्षुल्लक वाटेल, म्हणून आधीच सांगतो की मी ती फार गंभीरपणे करतो आहे. माझ्या मते बेटाचे सगळे सत्य त्या चार-पाच हात पाण्यात असते. कोणतेही बेटाचे लेखन, मग ते प्रवासवर्णन असो, इतिहास असो की कादंबरी, खरे आहे की नुसते सजवलेले आहे हे पाहण्याची माझी एकच साधी कसोटी आहे: लेखक बेटावर उतरला कसा, ते त्याने दाखवले आहे काय?

ही कसोटी मला का सुचली, हे सांगायचे तर थोडे दगडाबद्दल बोलावे लागेल. मी राहतो बाळकुमला. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला कशेळीची खाडी. आता मधल्या जागेत उंच इमारतींची दाटी झाली असली, तरी डोंगर आणि खाडी आपापल्या जागी आहेत. या डोंगराचा काळा दगड आणि खांदेरीचा काळा दगड हे एकाच घराण्यातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस वाहू लागला. तो थिजला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला, त्यावर तिसरा. असे थरावर थर रचले जाऊन आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या बसाल्टने झाकलेला आहे. पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात हे थर पश्चिमेकडे वाकून समुद्राच्या दिशेने उतरत जातात. पुढे किनारा खचला आणि झिजला. जे टणक होते ते पाण्याबाहेर डोके काढून राहिले. घारापुरी, खांदेरी, उंदेरी ही अशीच राहिलेली डोकी.

तेव्हा काही हौशी लेखक खांदेरीला ‘ज्वालामुखीचे बेट’ म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. दगड ज्वालामुखीचा आहे. बेट मात्र ज्वालामुखी नव्हे. तिथे विवर नाही, धूर नाही, कधी काळी समुद्रातून उसळून वर आलेली टेकडीही नाही. तसले खरेखुरे बेट पाहायचे तर अंदमानात जावे लागेल. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे १३८ किलोमीटरांवर बॅरन बेट आहे. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ची. पुढे दीर्घ काळ निजून ते १९९१ साली पुन्हा जागे झाले, आणि त्यानंतर अधूनमधून धुमसतेच आहे. खांदेरीचा अग्नी माणूस जन्माला येण्यापूर्वीच विझलेला. मागे उरले आहे ते त्याचे हाड. खांदेरीवर एक शिळा आहे. तिच्यावर लहान दगडाने ठोकले तर भांड्यावर ठोकल्यासारखा नाद येतो. पाहुण्यांना ही मौज आवर्जून दाखवतात. लेखात तिचा उल्लेख ‘चमत्कार’ म्हणून येतो आणि लेखक पुढे सरकतो. पण हा नाद दगडाच्या जातीचाच आहे. वीण घट्ट असेल आणि शिळा खालच्या दगडांवर मोजक्याच ठिकाणी टेकलेली असेल, तर ती वाजते. चमत्कार म्हणून नमस्कार करायला माझी हरकत नाही. पण नमस्कार करून झाल्यावर दगडाची ओळखही करून घ्यावी.

आता या दगडाचा आणि उतरण्याचा संबंध असा. मऊ वाळूच्या किनाऱ्याला होडी लावणे सोपे असते. नाळ वाळूत घुसते आणि माणूस गुडघाभर पाण्यात उडी मारतो. थिजलेल्या रसाच्या बेटाला वाळूचा पदर बेताचाच, पुष्कळदा मुळीच नसतो. असते ते खडप. त्यावर कालवांच्या धारा, शेवाळाचा गुळगुळीतपणा आणि फटींत दडलेली लाट. आमच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरने चढते-उतरते. सकाळी जिथे पायरी होती तिथे दुपारी होडीचा तळ फोडणारा सुळका असतो. म्हणून समुद्रावरची माणसे पंचांग पाहून निघतात. तिथीची पाऊणपट करावी की भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण दिवे लावून झोपायला जातो, तेव्हा बाळकुमच्या खाडीला उधाणाची भरती लागलेली असते. हे गणित मी वर्गात पाऊणकीचा पाढा शिकवताना सांगतो. मुलांना पाढा लगेच आवडू लागतो.

इतिहासाच्या एका मोठ्या प्रसंगाकडे या दृष्टीने पाहा. १६७९च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांची माणसे खांदेरीवर उतरली. मायनाक भंडारी त्यांचा प्रमुख. बेट मुंबईच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यापासून कोस-दीड कोसावर. इंग्रजांना ते सहन होणे शक्यच नव्हते. त्यांनी बेटाभोवती जहाजे आणून ठेवली. सप्टेंबरात थॉर्प नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला आणि तो तिथेच मारला गेला. तो त्या वेळी मद्याच्या धुंदीत होता, असे इंग्रजांच्याच बाजूचे वृत्तांत सांगतात. ऑक्टोबरात केग्विनच्या हाताखाली ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज आले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले; ‘रिव्हेंज’ने मात्र तोफा चालवून निभावून नेले. म्हटले तर मराठ्यांची पिछेहाट झाली. तरीही बेट पडले नाही. का पडले नाही?

कारण इंग्रजांची जहाजे शिडांची होती आणि त्यांना वारा लागत होता. मराठ्यांच्या लहान होड्यांना वल्ही होती. वारा पडला, अंधार झाला की नागावच्या खाडीतून या होड्या निघत आणि मोठ्या जहाजांच्या मधून सटकून बेटावर धान्य, माणसे आणि बांधकामाचे सामान पोचवून परत येत. इंग्रज डोळ्यांनी पाहत होते. पण रोखता येत नव्हते. अखेर जानेवारी १६८०पर्यंत इंग्रजांनी तिथला वेढा आवरता घेतला. तोवर सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले होते, तो भाग निराळा. खांदेरी राहिली. ती तोफेने जितकी राखली तितकीच वल्ह्याने राखली. रात्रीच्या अंधारात, लाटेत, नेमक्या त्या दगडाला होडी लावून धान्याचे पोते हातोहात वर देणारा जो कुणी होता, त्याने ती राखली.

हा माणूस आमच्या ऐतिहासिक लेखनात कुठे आहे? मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून या व्यवसायाच्या सवयी मला घरच्यासारख्या ठाऊक आहेत. आमच्या ऐतिहासिक कादंबरीत खलबतखान्यातला संवाद पानेच्या पाने चालतो. तलवारीच्या मुठीवरचे नक्षीकाम आम्ही खड्यासकट सांगतो. पण रसद बेटावर ‘पोचली’ एवढ्या एका क्रियापदात अख्खी वल्हेकरी मंडळी बुडवून टाकतो. ‘पोचली’ हे क्रियापद फार सोयीचे आहे; ते वापरणाऱ्याला भिजावे लागत नाही. नाइलाजाने म्हणावे लागते की, या बाबतीत इंग्रजांचा कैवारी इतिहासकार रॉबर्ट ऑर्म आपल्या १७८२च्या ग्रंथात आमच्या लहान होड्यांची जितकी दखल घेतो, तितकीही आमच्या पुष्कळशा ललित लेखकांनी घेतलेली नाही. शत्रूला त्या होड्या दिसल्या, कारण त्याला त्या नडल्या. आम्हाला त्या दिसत नाहीत, कारण आम्हाला त्यांच्यात बसायचे नसते.

माझी कसोटी परकी तर नाही ना, अशी शंका येईल. म्हणून जगातल्या दोन प्रसिद्ध बेटांना ती लावून पाहू. १७१९ साली निघालेल्या डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मध्ये नायक लाटांचे तडाखे खात किनाऱ्याला लागतो, ते वर्णन सविस्तर आहे. पण मला त्याहून प्रिय आहे ती त्याच्या होडीची गोष्ट. तो एक प्रचंड झाड तोडतो, महिनोन् महिने खपून त्याची होडी कोरतो, आणि ती तयार झाल्यावर त्याच्या ध्यानात येते की ती पाण्यापर्यंत ओढत नेणे आपल्या एकट्याच्या शक्तीबाहेर आहे! पुढे तो लहान होडी करतो, तीत बसून बेटाला वळसा घालायला निघतो आणि प्रवाहात सापडून कायमचा दूर जायची वेळ येते. बेट म्हणजे काय, हे वाचकाला त्या क्षणी कळते. जोवर पाय बेटावर होते तोवर तो त्याचा तुरुंग होता. पाण्यातून मागे वळून पाहताच ते त्याचे घर झाले. हा शोध क्रूसोला लहान होडीने लावून दिला.

दुसरे उदाहरण ज्यूल व्हर्नच्या ‘रहस्यमय बेटा’चे, ही कादंबरी १८७४-७५मधली. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती व्हर्न दिला, तेव्हापासून तो आपल्या घरातलाच झाला आहे. त्यातले बेट मात्र खरेच ज्वालामुखीचे आहे. फुग्यातून भरकटत आलेली माणसे थेट त्या बेटावर पडत नाहीत. ती पडतात शेजारच्या एका चिमुकल्या खडकाळ बेटावर. मध्ये पाण्याचा पट्टा असतो. मग ओहोटीची वाट पाहायची आणि पाणी उतरल्यावर पलीकडे जायचे. केवढा धीर आहे या लेखकाजवळ! कथा सुरू करण्याची घाई असताना तो पात्रांना ओहोटीसाठी थांबवून ठेवतो. म्हणूनच शेवटी ज्वालामुखी फुटून बेट नाहीसे होते आणि उरलेल्या एका खडकाला माणसे चिकटून राहतात, तेव्हा तो खडक आपल्याला खरा वाटतो. ज्या लेखकाने पहिले पाऊल प्रामाणिकपणे टाकायला लावले, त्याच्या शेवटच्या पावलावरही आपला विश्वास बसतो.

आणि मराठीत असे कुणीच नाही काय? आहेत, आणि त्यांच्यामुळेच ही कसोटी मला आपली वाटते. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या १९२७च्या पुस्तकात अंदमानला बोटीतून उतरून तुरुंगाकडे चढत जाणे आहे. कैद्याला ‘निसर्गरम्य’ म्हणण्याची चैन परवडत नाही. त्याच्या पायांना जमीन कळते, म्हणून वाचकालाही ती कळते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ची कादंबरी तर जवळजवळ सगळी बोटीवरच घडते. तिच्यात बेट नाही, पण उतरण्याचा प्रश्न तिच्या काळजाशी आहे. चक्रधर मुंबईला उतरू शकतो. हॅर्टा उतरू शकत नाही. एकाला जमीन आहे, दुसरीला नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती शोकांतिका उभी आहे. बोटीच्या फळीवरून धक्क्यावर टाकलेले पाऊल किती महाग असू शकते, हे त्या लहानशा कादंबरीने दाखवले. तसे दाखवणारे लेखन आमच्याकडे मोजकेच आहे.

डोंगरी किल्ल्यांच्या बाबतीत आपण भाग्यवान ठरलो. गो. नी. दांडेकर सह्याद्री पायांनी वाचत गेले. त्यांच्या लेखनात गड येतो तो घसाऱ्यासकट, टाक्यातल्या पाण्यासकट. समुद्राला असा पायी चालणारा, म्हणजे वल्हे मारणारा लेखक अजून पुरेसा लाभला नाही. कारण उघड आहे. लिहिणारे घाटावरचे किंवा शहरातले, आणि त्यांना समुद्र म्हणजे पाहण्याची वस्तू. ज्यांना समुद्र म्हणजे कामाची जागा, ते लिहायला बसले नाहीत, किंवा बसले तेव्हा त्यांची भाषा ‘अशुद्ध’ ठरली. भांग आणि उधाण, मतलई वारा आणि खारा वारा, नाळ, सुकाणू, खडप हे शब्द कोशात आहेत, कोळीवाड्यात तर रोज वापरात आहेत. ललित लेखनाला मात्र ‘अथांग निळाई’ पुरते.

कुणी म्हणेल, साहित्य म्हणजे भरती-ओहोटीचे वेळापत्रक नव्हे. तपशिलाने रस मारला जातो. तपशिलाने रस मारला जातो तो तपशील उसना असेल तर. कोशातून उचललेला ‘सुकाणू’ आणि ‘मतलई’ वाक्यात नुसते मिरवतात, हे मला मान्य आहे. पण जो शब्द तळहाताला फोड आल्यावर कळतो, तो रसाचा शत्रू कसा होईल? लेखकाने सगळे सांगावे असे माझे म्हणणे नाही. त्याने उतरण्याचा क्षण गाळू नये, एवढेच आहे.

गेल्या माघात ही कसोटी मला स्वतःच्या अंगावर लावून पाहता आली. माझा एक जुना विद्यार्थी, आगरी घरातला, आता कयाक चालवायला शिकवतो. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या शिकाऱ्यांची चामड्याने मढवलेली अरुंद होडी. वल्हे एकच, पण दोन्ही टोकांना पाते असलेले. आता ती प्लॅस्टिकची मिळते आणि कोकणच्या किनाऱ्यावर हौसेने चालते. त्याने अष्टमीचा दिवस निवडला, कारण भांगाच्या दिवशी पाण्याची ओढ कमी. सकाळी मतलई वारा पाठीवर घ्यायचा आणि दुपारी खारा वारा सुटला की त्याच्याबरोबर परतायचे, असा बेत. अंगात तरंगणारी जाकिटे होती आणि सोबतीला थळच्या एका नाखव्याची होडी. आम्ही उंदेरीकडे निघालो. ती खांदेरीहून किनाऱ्याला जवळ.

मोठ्या बोटीत माणूस समुद्राच्या वर बसतो. कयाकमध्ये तो समुद्रात बसतो. पाण्याची रेघ कमरेशी असते. तिथून किल्ला कसा दिसतो, हे कोणत्याही लेखाने मला सांगितले नव्हते. तट दिसतच नाही आधी. दिसतो तो दगड. सगळ्यात वर कोरडा काळा पट्टा, त्याखाली खवल्यांसारख्या बारीक शंखांचा पांढरा पट्टा, त्याखाली कालवांचा करडा, आणि पाण्याशी शेवाळाचा हिरवा. बेटाने आपल्या अंगावर भरती-ओहोटीची रोजनिशीच लिहून ठेवली होती. या सगळ्याच्या डोक्यावर तट. आणि मग कळले की किल्ल्याची पहिली भिंत हीच. माणसाने बांधलेली भिंत दुसरी.

आडोशाच्या बाजूला आम्ही खडकापासून दोन-तीन वाव अंतरावर थांबलो. लाट फार नव्हती. डोळ्यांना तर ती जवळजवळ दिसतच नव्हती. पण खडकाशी पाणी हातभर चढत होते आणि खळकन खाली बसत होते. मी उतरायला अधीर झालो होतो. विद्यार्थी मात्र बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, आज नको. लाट होरीला उचलते तवा पाय टाकायचा असतो. पन आज ती उचलते कमी आन खेचते जास्त.” नाखव्यानेही आपल्या होडीतून मान हलवली. आम्ही बेटाला अर्धा वळसा घालून परतलो.

उंदेरीवर माझे पाऊल पडले नाही. तरी तटावर उभे राहून लिहिलेल्या कितीतरी लेखांपेक्षा बेट मला त्या दिवशी अधिक कळले. थॉर्पची आठवण झाली. १६७९च्या त्या सकाळी त्याच्या होडीतही वल्ह्यावर बसलेला कुणी अनुभवी माणूस असेल, आणि त्यानेही कदाचित ‘आज नको’ म्हटले असेल. कादंबरीकाराला अशी कल्पना करण्याची मुभा आहे. पण ती कल्पना सुचायला खडकाच्या दोन वाव अलीकडे थांबावे लागते.

या साऱ्यात पणाला काय लागले आहे, ते एका प्रसंगाने सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळाशाळांच्या एका निबंधस्पर्धेत आम्ही तिघे परीक्षक होतो. विषय होता ‘मी पाहिलेले बेट’. बहुतेक मुलांची सहल घारापुरीला गेलेली. साठ-सत्तर निबंधांत ‘निसर्गरम्य’ हा शब्द होता, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ हेही होते, आणि शेवटी ‘तो दिवस मी कधीही विसरणार नाही’. एका मुलाने मात्र गुहा चार ओळींत आटोपल्या होत्या. तो आपल्या आजोबांबरोबर कालवे काढायला कुठल्याशा खडपावर गेला होता, त्याचे वर्णन त्याने पानभर केले होते. त्यात एक वाक्य होते: पांढऱ्यावर पाय द्यावा, हिरव्यावर देऊ नये. पांढरे बोचते पण धरून ठेवते. हिरवे मऊ लागते आणि पाडते.

दुसऱ्या परीक्षकांच्या मते निबंध विषयाला सोडून होता आणि भाषा अनलंकृत होती. मी हट्ट धरला. तास-दीड तास वाद झाला आणि शेवटी त्या मुलाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पहिले बक्षीस ‘निसर्गरम्य’ला गेले. वाईट वाटले ते बक्षिसाचे नव्हे. त्या मुलाच्या घरी जे शहाणपण तीन पिढ्या चालत आले होते, ते आम्ही त्याला ‘हे साहित्य नव्हे’ म्हणून परत करायला निघालो होतो. पुढच्या वर्षी तोही ‘निसर्गरम्य’ लिहील, आणि मग खांदेरीवरच्या लेखांत ती ओळ कोरीच राहील. जागतिक वारसा म्हणून आपण तटाचे चिरे जपू. पण त्या चिऱ्यांपर्यंत होडी कशी लावायची हे ज्ञान कुणाच्याही वारशात मांडले जाणार नाही. आणि त्या ज्ञानावाचून त्या चिऱ्यांचा अर्थ लागत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठमोठे चिरे चुन्यावाचून रचले आहेत. लाट फटींत शिरते आणि तिथे तिचा जोर मोडतो. ज्याने पाण्याजवळ बसून लाट पाहिली होती, त्यालाच हे सुचले. लाट न पाहिलेला लेखक त्या फटींना पडझड म्हणेल.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा अंगणात किंवा इमारतीच्या जिन्याखाली मुलांचे किल्ले उभे झाले असतील. आमच्या बाळकुमला अजून करतात. बहुतेक राजगड, प्रतापगड किंवा रायगड. जलदुर्ग क्वचितच, कारण परातीत पाणी ओतले की मातीचा तट तासाभरात बसतो, आणि चिमुकले मावळे तोंडघशी पडतात. माझी एक सूचना आहे. यंदा मुलांना खांदेरी करू द्या. पाणी ओतण्याआधी खाली एक चांगला ओबडधोबड काळा दगड ठेवायला सांगा. तो शोधायला फार लांब जावे लागणार नाही, साडेसहा कोटी वर्षांपासून तो आपल्या दारात पडला आहे. त्यावर तट रचावा, भगवे निशाण लावावे, मातीच्या तोफा ठेवाव्यात. आणि सगळे झाल्यावर कागदाची एक होडी पाण्यात सोडून त्यांना एवढेच विचारा: ही बेटाला कुठे लावाल? मुले लगेच वाकून दगड न्याहाळू लागतील.